केरोबाचा सेटअप टाईम

बायकोचं मनगट मोडलं आणि आमच्या घरात व्हॅक्यूम क्लीनरचा विषय निघाला. ऐकायला विचित्र वाटेल, पण क्रम हाच आहे.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे नाशकात जिथे बघावं तिथे रस्ते उकरलेले. इंदिरानगरात आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता जानेवारीत खणला, पाइप टाकले, वर माती लोटली आणि माणसं निघून गेली. फेब्रुवारीत तिथल्या खडीवरून तिची गाडी घसरली. उजवं मनगट, सहा आठवडे प्लास्टर. आणि त्याच रस्त्याची धूळ तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरात यायला लागली. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहून घ्या. म्हणजे केर दुप्पट, आणि तो काढणारा हात गळ्यात बांधलेला.

भांड्यांना मावशी येतात. झाडू-फरशी मात्र लग्नापासून बायकोच करते, तिला दुसऱ्याचं पटत नाही. मावशींना विचारून पाहिलं, पण त्यांची आमच्याशिवाय पाच घरं, वेळ नव्हता. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. राहिलो मी. अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, वय त्रेपन्न, आणि खोटं कशाला बोलू, सलग आठवडाभर केर काढायची ती माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. पहिल्या दिवशी फुलझाडू घेऊन हॉल झाडायला लागलो. बायको सोफ्यावर बसून बघत होती. काही बोलली नाही. दोनेक मिनिटांनी डाव्या हाताने फक्त वर बोट दाखवलं. पंखा चालू होता.

चौथ्या दिवशी कंबर धरली. पाचव्या दिवशी रात्री मी मोबाइलवर रोबो व्हॅक्यूमचे व्हिडिओ बघत होतो.

"बावीस वर्षं मी वाकले, तेव्हा नाही सुचलं मशीन," ती म्हणाली. "तुम्ही पाच दिवस वाकलात तर लगेच?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

रविवारी कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथला मुलगा चुणचुणीत, पण त्याच्या तोंडी एकच शब्द: पास्कल. "सर, हा चार हजार पास्कल. हा सहा हजार. हा बघा, आठ हजार." रोबोच्या प्रत्येक खोक्यावर तो आकडा हा एवढा मोठा. शेजारच्या फळीवर चाकांचे, लांब नळीचे साधे व्हॅक्यूम. त्यांच्यावर वॅट मोठे, बाराशे, चौदाशे, सोळाशे, आणि खाली बारीक अक्षरात वीस-बावीस किलोपास्कल. मी म्हटलं, "अरे, वीस किलो म्हणजे वीस हजार. मग हा सात हजारांचा डबा त्या पंचवीस हजारांच्या रोबोच्या तिप्पट ओढतो की."

"सर, तो हाताने चालवावा लागतो ना," मुलगा म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं, फक्त माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

उत्तर पुढे माझं मलाच सापडलं. पास्कल हे दाबाचं माप. नळीचं तोंड तळहाताने पक्कं दाबून धरलं तर आत हवेचा दाब किती कमी होतो, तो हा आकडा. समुद्रसपाटीला आपल्या अंगावरच्या हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो, तेव्हा वीस हजार म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. ताकद मोठीच. पण तोंड दाबून धरलंय तोवर हवा वाहत नाही, आणि केर उचलते ती वाहती हवा. फरशीवर कुठलंही मशीन फिरत असताना तोंड थोडंफार उघडंच असतं. शिवाय रोबोच्या पोटाखाली ब्रशचा एक रूळ फिरत असतो. खरं झाडायचं काम तो करतो, हवा फक्त त्याने उडवलेलं गिळते. म्हणजे रोबो आधी झाडू आहे, मग व्हॅक्यूम. पास्कलच्या आकड्यावरून या दोघांची तुलना करणं म्हणजे बैल आणि ट्रॅक्टर यांची शिंगं मोजणं.

दुकानातलं प्रात्यक्षिकही मजेशीर. चकचकीत टाइलवर कागदाचे कपटे टाकले आणि रोबोने ते उचलून दाखवले. कागदाचे कपटे मी फुंकर मारूनही हलवतो.

यापेक्षा बरं प्रात्यक्षिक मी लहानपणी सातपूरला बघितलं होतं. युरेका फोर्ब्ज कंपनी १९८२ साली सुरू झाली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर दाखवायला लागले. असाच एक जण आमच्याकडे आला. त्याने आईच्या गादीवर नळी फिरवली, मधे एक फडकं अडकवलेलं होतं, ते काढून उलगडलं. त्यावर करड्या पिठासारखी मूठभर धूळ. आईचा चेहरा पडला. तिने त्याला चहा दिला, मशीन घेतलं नाही, आणि तो जिना उतरेपर्यंत घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात नेऊन टाकल्या. ते करडं पीठ माझ्या डोक्यात राहिलं होतं, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

दुकानातून हात हलवत परत आलो. "आजची ऑफर आजच" वाल्यांना मी कंपनीतही माल परत पाठवतो. त्यापेक्षा दोन्ही मशीनं उसनी आणायची ठरवली. टूलरूममधल्या एका मित्राकडे रोबो होता. तो लग्नाला गावी निघाला होता, त्याने आठ दिवसांसाठी दिला. साधा व्हॅक्यूम शोधायला तर कुठे जावंच लागत नाही, नाशकात प्रत्येक घराच्या माळ्यावर एक असतो. सातपूरच्या ताईकडे होता. नऊ वर्षांत तीन दिवाळ्यांना खाली उतरलेला. "ने बाबा, माळा तरी मोकळा होईल," ती म्हणाली, आणि खोक्यासकट दिला. खोक्यावरची धूळ मी दारातच झटकली.

मग मी मला येतं तेच केलं. मोजलं.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला आणि पन्नास ग्रॅम रवा हॉलमध्ये मीटरभर चौकोनात पसरला. ("थांबा, चांगला नका घेऊ," म्हणून बायकोने मागच्या डब्यातला पोरकिडे झालेला काढून दिला.) फुलझाडूने अठ्ठेचाळीस ग्रॅम परत मिळाला, रोबोने सत्तेचाळीस, ताईच्या मशीनने एकोणपन्नास. तिघेही पास. मग कणीक. इथे माणसं उघडी पडली. झाडूने एक्केचाळीस ग्रॅम उचलली आणि उरलेली सगळ्या हॉलभर सारवली. उन्हाच्या तिरिपेत फरशीवर पांढरा पापुद्रा दिसत होता. रोबो चव्वेचाळीस, पण टाइलच्या सांध्यांतून पांढऱ्या रेघा तशाच. नळीवाल्याने अठ्ठेचाळीस. रस्त्याची धूळ ही रव्याची नव्हे, कणकेची बहीण. तेव्हा उचलण्याच्या परीक्षेत नळीवाला पहिला, यात वाद नाही.

माझ्या मते निकाल तिथेच लागला होता. पण बायकोने विचारलं, "वेळ मोजला का?"

नव्हता मोजला. कंपनीत रोज तोच मोजतो आणि घरी विसरलो.

आमच्या कारखान्यात दोन वेळा असतात. मशीन एक नग कापायला घेतं तो सायकल टाईम. जॉब बसवणं, टूल बदलणं, शून्य मिळवणं, यात जातो तो सेटअप टाईम. नवीन पोरं सायकल टाईमवर भाळतात. चार मिनिटांत नग निघतोय म्हणून नाचतात, आणि दहा नगांच्या ऑर्डरसाठी सेटिंगला अर्धा दिवस घालवतात. जुना फोरमन सायकल विचारतच नाही, तो विचारतो, "सेटिंगला किती?"

तर नळीवाल्याचा सेटअप. खोकं उघडा, मशीन काढा, नळी बसवा, दांड्याचे दोन तुकडे जोडा, तोंड लावा. याची पिन जाड, सोळा अँपिअरची. ती बसते फक्त स्वयंपाकघरात आणि एसीच्या पॉइंटला. हॉलमध्ये एक्स्टेंशन ओढा. सहा मिनिटं गेली आणि अजून एक कणही उचललेला नाही. प्रत्यक्ष सफाई एकोणीस मिनिटं, त्यात दोनदा पिन बदलली. मग वायर गुंडाळा, नळी सोडवा, बाल्कनीत जाऊन डबा उलटा करा, धूळ नाकातोंडात घ्या, आठ मिनिटं. एकूण तेहेतीस, आणि तेहेतीसच्या तेहेतीस मिनिटं मी उभा. आवाज एवढा की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचं पिठलं झालं.

१९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने व्हॅक्यूम क्लीनरचं पेटंट घेतलं, तेव्हा ते यंत्र घोडागाडीवर बसवलेलं होतं. गाडी दारासमोर उभी करायची आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडायच्या. ताईचं मशीन खोलीखोलीतून ओढताना मला सारखं वाटत होतं की सव्वाशे वर्षांत घोडे तेवढे गेले.

आता रोबो. त्याला सुरू करायला एक बटण, पण त्या आधी घर तयार करावं लागतं. खुर्च्या टेबलावर. चपला स्टँडवर. मोबाइलचे चार्जर, इस्त्रीची वायर, पायपुसण्याची झालर, कपडे वाळत घालायचं स्टँड, खाली साठलेले पेपर, सगळं उचला. अकरा मिनिटं. मग तो बावन्न मिनिटं फिरला, शेवटी ट्रे रिकामा करायला दोन. म्हणजे मशीनची बावन्न, माझी तेरा. आणि त्या बावन्न मिनिटांत मी आंघोळ केली, पेपर वाचला, चहा प्यायलो.

इथे माझं मत फिरायला लागलं. तरी घाई नको म्हणून आणखी दोन दिवस त्याच्या मागे मागे हिंडलो, नव्या पोराच्या मागे सुपरवायझर हिंडतो तसा. तेव्हा त्याची एकेक खोड कळली.

पहिली, दिवाण. आमच्या दिवाणाखालची जागा मी स्टीलच्या पट्टीने मोजली, नऊ पूर्णांक तीन सेंटिमीटर. उसना रोबो आठचा, तो आरामात जात होता. पण मी घेणार होतो त्याच्या डोक्यावर लेझरची फिरती घुमटी. त्याची उंची नऊ पूर्णांक सहा. तीन मिलिमीटरने घोटाळा. आणि तीन मिलिमीटर हा वाईट आकडा असतो. एक सेंटिमीटर कमी असतं तर तो बाहेरूनच वळला असता. तीन मिलिमीटरला तो डोकं घालतो, रुततो आणि ओरडत बसतो. शेवटी भंगारातल्या नायलॉनच्या दांड्यातून लेथवर चार बुशा काढून घेतल्या आणि दिवाणाच्या पायांखाली ठेवल्या. दीड सेंटिमीटर मिळाला.

दुसरी खोड मोठी गमतीची. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमच्याकडे आठ इंच रुंदीची काळ्या कडाप्प्याची पट्टी आहे, फरशीला अगदी सपाट. रोबो तिथपर्यंत यायचा, थबकायचा, मागे सरकायचा, बाजूला जाऊन पुन्हा प्रयत्न करायचा. बारा वेळा मोजलं. जणू पलीकडे सोवळं चाललंय. मी पट्टीवर सकाळचा पेपर अंथरला. गेला तसाच सरळ, पेपर थोडा चुरगाळून. कारण असं की रोबोच्या पोटाला कडा ओळखणारे सेन्सर असतात. ते खाली इन्फ्रारेड किरण सोडतात. किरण परत आला तर खाली जमीन आहे, नाही आला तर जिना आहे. काळा कडाप्पा किरण पिऊन टाकतो. रोबोच्या लेखी आमचं स्वयंपाकघर दरीपलीकडे होतं. अमेरिकेत २००२ साली रूम्बा बाजारात आला, तो बनवणारी मंडळी एमआयटीतली. त्यांच्या घरी कडाप्पा नसणार. यावर सेन्सरवरच चिकटपट्टी लावायचा उपाय लोक सांगतात. ते करू नका. घरात जिना असेल तर पहिल्याच दिवशी पंचवीस हजार पायऱ्या मोजत खाली जातील. मी पट्टीवर क्रीम रंगाची चिकटपट्टी मारली, मधोमध, दोन फूट. दिसायला बरं दिसत नाही. पण तेवढ्या पुलावरून तो ये-जा करतो.

तिसरं म्हणजे कोपरे. गोल मशीन आणि काटकोनी कोपरा यांचं जमत नाही, हे नववीच्या भूमितीत संपलेलं प्रकरण आहे. त्याचा बाजूचा मिशीसारखा ब्रश कोपऱ्यातलं बाहेर ओढायला बघतो आणि निम्मं दाराआड उडवतो. हे सोडून द्यावं लागतं.

एवढं सगळं मी फरशीवर चालवलं होतं. आणि मग एका सकाळी बायको उठल्या उठल्या शिंकायला लागली, ओळीने नऊ-दहा, रोजच्यासारखी. तिला धुळीचा त्रास जुना. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की हा त्रास फरशीच्या धुळीचा कमी आणि अंथरुणातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा जास्त. ते माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि गादी-उशीत राहतात. रोबो गादीवर चढत नाही. पडद्यावर नाही, सोफ्याच्या फटीत नाही, पंख्यावर नाही. मी आठ दिवस ज्याच्या मागे हिंडत होतो ते मशीन घरातली फक्त खालची एक बाजू जाणत होतं.

ताईच्या मशीनला छोटं तोंड लावलं आणि आमच्या गादीवर फिरवलं. डबा उघडला तर तेच ते, सातपूरचं करडं पीठ. चाळीस वर्षांनी भेट झाली. मात्र मशीन चालू असताना खोलीत मातकट वास येत होता, म्हणून मागे हात धरला. पुढून ओढलेली बारीक धूळ मागच्या जाळीतून परत खोलीत. त्याची फिल्टर साधी कापडाची, तीही विरलेली. हेपा फिल्टर असेल तर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडले पाहिजेत, असं त्याचं मानक आहे. पण फिल्टर चांगली आणि बाजूचा रबर ढिला, तर हवा बाजूने पळते. गास्केट गळत असताना पंप बदलणारे लोक मी कमी पाहिलेले नाहीत.

बायकोने डाव्या हाताने तो ओढून पाहिला. दारापर्यंत गेली आणि नळी सोडून दिली. "प्लास्टर निघालं तरी मला हे जमणार नाही. आणि तुम्ही किती दिवस कराल, ते मला माहीत आहे."

किती दिवस?

"प्लास्टर निघेपर्यंत."

हे फार नेमकं होतं. सगळ्या आकड्यांत मी एक आकडा धरलाच नव्हता: ही सफाई आठवड्यातून किती वेळा होईल? नळीवाला कणीक उत्तम उचलतो, पण तेहेतीस मिनिटांचं काम कोणी रोज करणार नाही. तो पंधरा दिवसांनी निघेल आणि दिवाळीपर्यंत माळ्यावर जाईल. रोबो थोडं कमी उचलतो, पण रोज उचलेल. रस्ता खणलेला असताना मला रोजचा हवा होता. गादीला मात्र रोज कशाला, पंधरवड्याने पुरे, आणि तिथे तेहेतीस मिनिटं द्यायला माझी ना नव्हती.

गुढीपाडव्याला रोबो घेतला. मुहूर्त साधला असं नाही, ऑफर होती. बावीस हजारांच्या आसपास पडला. उसना रोबो नुसत्या गायरोवर, म्हणजे आपण किती वळलो ते सांगणाऱ्या सेन्सरवर, चालायचा. मधे उचलून ठेवला की कुठे होतो ते विसरायचा आणि झाडलेलंच परत झाडायचा. नवीन घेतला तो लेझरचा, डोक्यावरची घुमटी फिरत राहते, भिंतींची अंतरं मोजते आणि मोबाइलवर घराचा नकाशा काढते. नकाशात आमचा हॉल काटकोनात नाही हे उघड झालं. बिल्डरने एका बाजूला चांगलाच कमी दिलाय. कॅमेऱ्याचा रोबोही होता, तो मुद्दाम टाळला. घरात बनियनवर हिंडणाऱ्याने कॅमेरा पाळू नये. आपोआप कचरा ओढून घेणारा डॉकही टाळला. त्याच्या पिशव्या विकत आणत बसायचं, आणि ट्रे रिकामा करायला तर दोनच मिनिटं लागतात.

फरशी पुसण्याबद्दल मात्र फसू नका. याला मागे पाव लिटर पाण्याची टाकी आणि एक फडकं आहे. ते ओलसर फडकं तो मागे ओढत नेतो, बस. धूळ बसते, चहाचा थेंब वाळला असेल तर त्यावरून तो अदबीने निघून जातो. पुसण्याचं खरं दुखणं पिळण्यात होतं. डॉक्टरांनी मनगटाला पिळण्याची बंदी घातली होती. त्यासाठी पायाने फिरणारी मॉपची बादली आणली, आणि ते काम माझ्याकडे आलं ते कायमचं.

वायफाय जोडायला तास गेला. हा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय घेतो आणि मी त्याला पाच गिगाहर्ट्झचं देत होतो. पुण्याहून लेकीने व्हिडिओ कॉलवर सोडवून दिलं. ॲपने मशीनचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, केरोबा लिहा." तेव्हापासून तो केरोबा. मावशी पहिले आठ दिवस त्याच्यापासून पदर सांभाळून चालायच्या, आता "सरक रे केरोबा" म्हणून पायाने ढकलतात.

ताईचं मशीन परत गेलंच नाही. मेन रोडजवळच्या एका दुकानात त्याला नवी फिल्टर, रबर आणि नळी मिळाली, सहाशे रुपयांत. दर दुसऱ्या रविवारी गाद्या, सोफा आणि पडदे. चादरी गरम पाण्यातून. शिंका थांबल्या असं म्हणणार नाही. दहाच्या चारवर आल्या.

विजेचं लोक विचारतात. चौदाशे वॅटचं मशीन अर्धा तास चालवलं तर पाऊण युनिटच्या आत-बाहेर. केरोबाची बॅटरी १४.४ व्होल्ट, ५२०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे पूर्ण भरायला पाव युनिटही नको. यावरून निर्णय घेण्यात अर्थ नाही.

देखभालीचं कोणी विचारत नाही, ते विचारायला हवं. बायकोचे आणि सुट्टीला आली की लेकीचे लांब केस रुळाभोवती असे गुंडाळतात की वाटावं सुताचा कोन आहे. दर रविवारी रूळ काढून कात्रीने आडवा छेद द्यायचा. टोकाच्या बेअरिंगमध्ये केस शिरले की रूळ जड फिरतो, आवाज बदलतो. मला तो आवाज दुसऱ्या खोलीतून कळतो. बायकोचं म्हणणं, तिने हाक मारलेली कळत नाही.

गौरींच्या दिवशी मात्र त्याने पुरती शोभा केली. संध्याकाळी बायकोने दारापासून मखरापर्यंत रांगोळीने गौरींची पावलं काढली, एकेक पाऊल हळदीकुंकू लावून. हात बरा झाल्यावरची पहिली रांगोळी. घरात वीसेक माणसं. आणि मी केरोबाचं रोजचं नऊचं वेळापत्रक बंद करायचं विसरलो. बरोब्बर नऊला तो चार्जिंगच्या डॉकवरून उतरला आणि दारापासून सुरुवात करून ओळीने सगळी पावलं खात मखरापर्यंत गेला. नणंदा-भावजया आधी ओरडल्या, मग हसून हसून लोळल्या.

"आल्या पावली परत पाठवल्या गौरी," बायको म्हणाली. माझ्याकडे बघत, त्याच्याकडे नाही.

रांगोळी म्हणजे दगडाची पूड. फिल्टरच्या घड्याघड्यांत गच्च बसली. धुतली, तर ती पूर्ण वाळल्याशिवाय बसवायची नसते, म्हणून एक दिवस वाळत टाकली; त्या दिवशी, ऐन गौरीजेवणाच्या दिवशी, घर मी फुलझाडूने झाडलं. पंखा बंद करून.

आता रात्रीचा क्रम बसलाय. साडेआठला जेवणं, मग दोघं जॉगिंग ट्रॅकवर चालायला जातो, आणि त्या वेळेत केरोबा घर फिरतो. निघायच्या आधी मी चपला उचलतो, चार्जर काढतो, पायपुसणी दुमडतो, खुर्च्या उलट्या करून टेबलावर चढवतो. अकराची आता चार मिनिटं झालीत, कारण वस्तू मुळात खाली ठेवायच्याच नाहीत हे अंगवळणी पडलं. निदान माझ्या, बायको म्हणते, तिच्या पहिल्यापासून होतं. परवा दार उघडं ठेवून शेवटची खुर्ची चढवत होतो, तर समोरच्या फ्लॅटमधला पोरगा जिन्यात थांबला.

"काका, हॉटेल बंद?"

"हो," आतून बायको म्हणाली. "वेटर आता घरी निघालाय."